मुंबईचा प्लेग आणि साथीचे गणित

प्रश्न : साथीच्या रोगांचे गणित मुंबईच्या प्लेगच्या आकड्यांवरून तयार झाले, असे वाचले. हे कितपत खरे? आणि समीकरणांनी साथ आवरते ती कशी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गणित त्या आकड्यांवरून तयार झाले नाही; ते त्यांच्याशी ताडून पाहिले गेले. कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम केलेले डॉक्टर अँडरसन मॅकेन्ड्रिक आणि प्रयोगशाळेतील अपघातात दृष्टी गमावलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम करमॅक यांनी १९२७ साली साथीच्या गणितावरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट कल्पिले : लागण होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले वा दगावलेले. नव्या लागणी पहिल्या दोन गटांच्या गुणाकाराच्या प्रमाणात होतात असे धरले, की पहिला गट घटत जाताच साथ आपोआप मंदावते आणि काही माणसे अस्पर्श राहूनच ती संपते, असे उत्तर निघते. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील मुंबईच्या आठवडेवार मृत्यूंवर या समीकरणांतून निघणारी वक्ररेषा चांगलीच बसली.

गोम पुढेच आहे. समीकरणे माणसाकडून माणसाला होणाऱ्या लागणीची होती, तर मुंबईचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांमार्फत माणसांत येत होता. लेखकांनी स्वतःच आपली गृहीतके येथे काटेकोरपणे लागू पडत नसल्याची कबुली दिली होती, जी पुढे पुष्कळांनी वाचलीच नसावी. शिवाय प्लेग दरवर्षी हिवाळ्यात वाढून उन्हाळ्याअखेरीस ओसरत असे. तेव्हा ती उतरण लागण होऊ शकणारे कमी झाल्याने आली की ऋतू पालटल्याने, हे नुसत्या वक्ररेषेवरून ठरत नाही. आकडे जुळले म्हणजे कारणही सापडले, असे मानणाऱ्याने उंदरांकडे पाहिलेच नसते.

साथ आवरण्यासाठी खरोखर कामी येते ती त्याच निबंधातील उंबरठ्याची कल्पना : लागण होऊ शकणारे एका मर्यादेहून कमी असतील, तर साथ पसरत नाही. कोणालाही प्रतिकारशक्ती नसताना एक रोगी सरासरी किती जणांना लागण देतो, तो अंक काढायचा. एकाला त्या अंकाने भागून आलेली संख्या एकातून वजा केली, की किती हिस्सा लोक सुरक्षित असावे लागतात ते कळते. गोवरासाठी हा अंक सामान्यतः १२ ते १८ धरतात, त्यावरून सुमारे ९२ ते ९४ टक्के येतात, आणि लसीकरणाचे उद्दिष्ट ९५ टक्के ठेवण्यामागे हाच हिशेब आहे. प्लेगच्या बाबतीत मात्र तो नुसती माणसे मोजून लागत नाही. उंदीर आणि पिसवाही धराव्या लागतात.