तपकिरी रंग आला, म्हणजे काम झालं का?

प्रश्न : एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कातून चांदीचे नॅनोकण केले. ९ मिली सिल्व्हर नायट्रेटात (१ मिलिमोलर) १ मिली अर्क घातला. द्रावण तपकिरी झालं, प्रकाश-शोषणाच्या आलेखात ४२५ नॅनोमीटरला पीक (शिखर) मिळालं आणि ई. कोलाय या जिवाणूच्या प्लेटवर १४ मिमीचा झोन (जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) आला. नॅनोकण जंतू मारतात, असं प्रबंधात लिहायला हरकत नाही ना? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात लिहू नका. ४०० ते ४५० नॅनोमीटरमधला पीक चांदीचे कण तयार झाल्याची चांगली खूण आहे. पण झोन कशामुळे आला, हे त्यावरून ठरत नाही. तुमच्या द्रावणात कण आहेत, अर्कातली द्रव्यं आहेत आणि क्रिया न होता उरलेली चांदीची आयनंही असू शकतात. या आयनांनी एकट्यानेही झोन येतो, आणि पुष्कळ प्रकल्प नेमके इथेच फसतात.

आधी कण धुऊन घ्या. सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० आरपीएमला २० मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढून टाका, पेलेट (तळाशी बसलेला गाळ) डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट विरवा, असं तीनदा. पीबीएस (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) वापरू नका. त्यातल्या मिठाने कण एकमेकांना चिकटतात, रंग करडा होतो आणि पीक पसरतो. शेवटच्या धुणाच्या पाण्यात मिठाच्या पाण्याचे दोन थेंब टाकून पाहा. गढूळ झालं तर आयनं अजून आहेत, पुन्हा धुवा. स्वच्छ राहिलं तरी कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) टाळता येत नाहीत.

ते कंट्रोल त्याच प्लेटवर हवेत : ९ मिली सिल्व्हर नायट्रेट अधिक १ मिली पाणी, १ मिली अर्क अधिक ९ मिली पाणी, नुसतं पाणी, आणि एक प्रमाणित अँटिबायोटिक. वेल (प्लेटमधला नमुना भरायचा खड्डा) ६ मिमीचा असेल, तर १४ मध्ये तो धरला आहे की नाही हेही लिहा.

शिवाय अगारमधून (प्लेटमधल्या घट्ट माध्यमातून) कण फार सावकाश सरकतात, त्यामुळे झोन लहान म्हणजे परिणाम कमी, असं म्हणता येत नाही. खरा आकडा हवा असेल तर ब्रॉथमध्ये (द्रव माध्यमात) एमआयसी, म्हणजे वाढ थांबवणारं किमान प्रमाण, काढा. मिलीला सुमारे ५ लाख जिवाणू, १६ ते २० तास. कणांच्या रंगामुळे गढूळपणा डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून रेझाझुरिन हे रंगद्रव्य घाला : निळा राहिला तर वाढ नाही, गुलाबी झाला तर वाढ आहे. जिवाणू न घालता फक्त ब्रॉथ, कण आणि रेझाझुरिन असलेला एक वेल ठेवा, म्हणजे कणच रंग बदलतात का ते कळेल. माध्यमाचं नाव जरूर लिहा. एलबी या नेहमीच्या माध्यमात लिटरला ५ ते १० ग्रॅम मीठ असतं आणि त्यातलं क्लोराइड चांदीच्या आयनांना धरून ठेवतं.

प्रश्न : आमचं द्रावण आधी पांढरट होतं, मग जांभळट. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात) ३८.१ आणि ४४.३ अंशांबरोबर ३२.२ आणि ४६.२ लाही पीक आहेत. – एक वाचक, नांदेड

उत्तर : हे जास्तीचे पीक सिल्व्हर क्लोराइडचे. उजेडात ते काळवंडतं, म्हणून तो जांभळट रंग. क्लोराइड नळाच्या पाण्यातून येतं किंवा थेट पाल्यातून. पाला शेवटी दोनदा डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घ्या, काचसामानही त्यानेच धुवा. तरीही पीक राहिले, तर क्लोराइड पाल्यातच आहे. मग पदार्थाला ‘चांदी आणि सिल्व्हर क्लोराइडचे कण’ असंच म्हणा. ते पीक आलेखातून गाळू नका.