परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांची देणगी

प्रश्न : महाविद्यालयाच्या आवारात माजी विद्यार्थ्यांसाठी दालन बांधायचे आहे. अमेरिकेतल्यांची देणगी थेट आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या खात्यात घ्यावी का?

उत्तर : आधी पासपोर्ट पाहा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी ठरत नाहीत. पासपोर्टची प्रत पावतीच्या स्थळप्रतीला जोडून ठेवा. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्याची देणगी मात्र परकीयच, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारे ओळखपत्र) असले आणि रुपयांत दिली तरीही. नेमकी इथेच गफलत होते, कारण माणूस आपलाच वाटतो. ती घ्यायला संघाची एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी हवी. रक्कमही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संघाच्या एफसीआरए खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे थांबायला सांगा. प्रत्येकाकडून ‘दालनाच्या बांधकामासाठी’ असे सहीचे पत्र घ्याच, नाहीतर पैसे स्नेहमेळाव्याच्या जेवणावळीत जिरतात.