घरी सीएनसी राउटर (प्रोग्रामवर चालणारं कोरायचं मशीन) बनवून चालवायचा आहे. आधी मशीन बनवू की आधी प्रोग्रामिंग शिकू?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण कॉमर्सचं, राहायला पुण्यात, लाकडावर नक्षी कोरायची आहे आणि जी-कोडची, म्हणजे मशीनला हुकूम द्यायच्या भाषेची, धास्ती वाटते. मी दिवसा वर्कशॉपमध्ये व्हीएमसी (कंपनीतलं मोठं सीएनसी मिलिंग मशीन) चालवतो आणि घरच्या गॅलरीत स्वतः जोडलेला छोटा राउटर आहे, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

जी-कोडचं टेन्शन सोडा. ‘जी१ एक्स५० एफ६००’ म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर वेगाने सरळ रेषेत एक्स अक्षावर ५० च्या जागी जा, बस. जी२१ लावलं की मापं मिलिमीटरमध्ये, जी९० लावलं की ती झिरोपासून मोजायची. असे दहा-बारा कोड आले की घरचं काम भागतं. नक्षीचा लांबलचक प्रोग्राम तसाही ड्रॉइंगवरून टूलचा मार्ग आखणारं कॅम सॉफ्टवेअरच काढून देतं.

खरी गोम वेगळीच आहे. घरच्या मशीनला आपण कुठे आहोत हे कळत नसतं. कंपनीतल्या मशीनच्या सर्व्हो मोटरला एन्कोडर असतो, मोटर खरंच किती फिरली ते तो कंट्रोलरला सतत सांगतो. अगदी १९५२ साली एमआयटीत दाखवलेलं पहिलं एनसी (न्यूमेरिकल कंट्रोल) मिलिंग मशीन, जे पंच केलेल्या कागदी टेपवर चालायचं, त्यालासुद्धा अशी उलट खबर मिळत होती. आपल्या साध्या स्टेपर मोटरला, म्हणजे दर पल्सला एक ठरावीक स्टेप फिरणाऱ्या मोटरला, ती सोय नाही. आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डमधलं जीआरबीएल हे सॉफ्टवेअर पल्स सोडतं आणि मोटर तेवढी फिरलीच असं धरून चालतं. मध्येच कुठे अडकून स्टेप चुकल्या तर अलार्म येत नाही, पुढचं सगळं काम सरकलेल्या जागी बिनबोभाट होत राहतं.

म्हणून मशीन आणि प्रोग्रामिंग दोन्ही बरोबरच शिका, पण स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरच्या) जागी आधी पेन बांधा. नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरी, त्यांनी फिरणारे टी८ स्क्रू, आर्डुइनो उनो, त्यावर बसणारा सीएनसी शिल्ड हा बोर्ड आणि मोटरींना करंट देणारे ए४९८८ ड्रायव्हर एवढ्यावर सुरुवात होते. छोट्या राउटरचं तयार ३०१८ किट आणलंत तरी त्यात काही कमीपणा नाही, उलट जोडताना बरंच समजतं. फक्त सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नका, ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

आता हिशोब. १.८ अंशाची मोटर एका फेऱ्यात २०० स्टेप घेते. ड्रायव्हरवर १६ पट मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे १६ बारीक भाग) लावलं की ३२०० होतात. टी८ स्क्रू बहुतेक वेळा एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकवतो, म्हणजे मिलिमीटरला ४०० स्टेप. जीआरबीएलमध्ये एक्सचा हा आकडा $१०० मध्ये, वायचा $१०१ मध्ये जातो. मशीनला १०० मिलिमीटर सरकवून पट्टीवर ९९ भरलं तर लगेच ४०० चे ४०४ करायची सवय यूट्यूबवरून लागते. बेल्टच्या मशीनला ते चालून जातं. स्क्रूच्या मशीनला आधी मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक ग्रब स्क्रू, नटमधला ढिलेपणा आणि बोर्डवर मायक्रोस्टेपिंग ठरवणारे जम्पर बघा. स्क्रूचा पिच एवढा चुकत नाही, ढिलाई दुसरीकडे असते.

मग १०० मिलिमीटरचा चौकोन काढा. दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही साधारण १४१.४ यायला हवेत. एक मोठा, एक छोटा आला तर गॅन्ट्री (स्पिंडल धरणारा आडवा पूल) गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. तोच चौकोन त्याच कागदावर वेग वाढवत पुन्हा पुन्हा काढा. दर फेरीला रेघ आणखी सरकत गेली तर स्टेप चुकताहेत: $१२० आणि $१२१ मधलं अ‍ॅक्सिलरेशन कमी करा, ड्रायव्हरचा करंट तपासा, स्क्रू कुठे जाम होतोय का ते हाताने फिरवून बघा. फक्त दिशा बदलताना ठरावीक अंतर खाल्लं जातंय आणि ते वाढत नाहीये, तर तो बॅकलॅश. त्यावर अँटी-बॅकलॅश नट हाच उपाय, कारण मूळ जीआरबीएलमध्ये बॅकलॅश भरून काढायची सोय नाही. हे दोन आजार वेगळे ओळखता आले की अर्धं मशीन शिकलात असं मी म्हणेन.

ड्रॉइंगला इंकस्केप किंवा फ्रीकॅड, मशीनला कोड पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर. सगळं फुकट आहे, कोणतंही एक धरा. पुण्यात आहातच तर पाबळच्या विज्ञान आश्रमातली फॅब लॅब बघता येते का विचारा. २००२ साली सुरू झालेली ही एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब.

पेनवर हात बसला की ३ मिलिमीटर एमडीएफ, एका वेळी १ मिलिमीटरपेक्षा कमी खोल कट. स्पिंडल सुरू केल्यावर विनाकारण लिमिट स्विचचा (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या स्विचचा) अलार्म यायला लागला तर प्रोग्राम तपासत बसू नका. स्विचची वायर शिल्डेड (बाहेरून धातूचं आवरण असलेली) घ्या, ते आवरण एकाच टोकाला अर्थिंगला जोडा आणि वायर स्पिंडलच्या वायरपासून लांब ठेवा. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क हवाच, एमडीएफची धूळ वाईट. हातमोजे मात्र घालू नका, फिरत्या टूलमध्ये ते हातासकट ओढले जातात. आणि लाल इमर्जन्सी बटण स्पिंडलचा सप्लाय तोडेल असं जोडा, नुसतं आर्डुइनोला थांबवणारं नको.