रूममेटला ‘चिंकी’ म्हणतात, आम्ही काय करू?

प्रश्न: ताई, मी पुण्यात हॉस्टेलला राहते, रूममेट मणिपूरची आहे. कॉलेजात पोरं तिला चिंकी, मोमो अशी हाक मारतात आणि वर म्हणतात मस्करी केली. आम्ही चारपाच जणींनी याविरुद्ध काहीतरी करायचं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी तिलाच विचार तिला काय हवंय ते. तिच्या नावाने मोर्चा आणि ती बिचारी कोपऱ्यात, असं नको. बाकी मस्करीबिस्करी काही नाही गं, जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत लाजपत नगरला अरुणाचलच्या निडो तानियाला केसांवरून चिडवलं, भांडण झालं, मारहाण झाली आणि पोरगा जिवानिशी गेला. त्यानंतर ईशान्येकडच्या लोकांना बाहेर होणारा असा त्रास बघायला सरकारने बेझबरुआ समिती नेमली. तुमच्या कामाचं म्हणजे २०१६ पासून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) रॅगिंगच्या नियमांत वंश, रंग, प्रांत यावरून छळणं पण येतं, त्यामुळे तिची तयारी असेल तर अँटी रॅगिंग कमिटीकडे लेखी तक्रार द्या, तारीख, कोण काय बोललं सगळं लिहून ठेवा, ग्रुपवरचे स्क्रीनशॉट पण. पोस्टर नंतर चिकटवा. आणि मेसमध्ये कोणी बोललं की तिथल्या तिथे ‘यात हसण्यासारखं काय आहे?’ एवढंच विचारा, बघा कशी तंतरते एकेकाची.