उद्यानांच्या इतिहासावर काय वाचावं: सुरुवात दापोडीपासून करा

तुम्ही विचारलंत की उद्यानांचा इतिहास, त्यांची रचना आणि जमिनीचं संवर्धन यावर अभ्यासाची पुस्तकं कोणती वाचावीत, आणि मुंबईत ती कुठे बघायला मिळतील. बहुतेक जण मुघल बागांपासून सुरुवात करायला सांगतील. माझा आग्रह आहे, दापोडीपासून करा.

पुण्याजवळच्या दापोडीत १८२८ साली मुंबई सरकारची वनस्पती-बाग सुरू झाली. पुढे तिचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे आला, आणि १८४७ मध्ये तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. म्हणजे तुमचे तिन्ही विषय इथे एकाच माणसाच्या कामात भेटतात. हेन्री नोल्टी यांचं 'द दापुरी ड्रॉइंग्ज' (२००२) याच बागेवर आहे; दापुरी म्हणजे दापोडीच. तिथे एका देशी चित्रकाराने काढलेली वनस्पतींची चित्रं आज स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या वनस्पती-उद्यानात जपलेली आहेत. त्या चित्रकाराचं नाव मात्र कुठे नोंदलेलं नाही, याची मला फार चुटपूट लागते.

त्यानंतर रिचर्ड ग्रोव्ह यांचं 'ग्रीन इंपीरियलिझम' (१९९५). डोंगर उघडे पडले की झरे आटतात, पाऊस कमी होतो, ही भीती गिब्सनसारख्या बागा सांभाळणाऱ्या डॉक्टरांनी सरकारच्या गळी कशी उतरवली, ते त्यात सविस्तर आहे. पण हे एकटं वाचू नका. माधव गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांचं 'धिस फिशर्ड लँड' (१९९२) लगेच हातात घ्या. १८७८च्या वन कायद्याने गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क कसे आक्रसले, हे कळल्याशिवाय 'संवर्धन' हा शब्द अर्धाच समजतो. आरे किंवा बोरिवलीच्या जंगलाबद्दल बोलताना आपण तिथल्या पाड्यांना विसरतो, त्याची मुळंही इथे सापडतील.

खास मुंबईसाठी जॉन ग्रॅहम यांनी केलेली मुंबई परिसरातल्या वनस्पतींची यादी (१८३९) आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींचा वर्णनकोश (१९०१ ते १९०८) बघा. ही सलग वाचायची पुस्तकं नाहीत. शिवडीला आधी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागकामाच्या संस्थेची बाग होती. त्या जागी दफनभूमी झाली, आणि भायखळ्याला १८६२ साली आपली राणीबाग उघडली. या याद्या जवळ ठेवून राणीबागेत फिरा, म्हणजे कुठलं झाड इथलं आणि कुठलं बाहेरून आणून लावलेलं, हे उलगडत जाईल.

रचनेकडे यानंतर वळा. जेम्स वेस्कोट आणि योआखिम वोल्श्के-बुलमान यांनी संपादित केलेला 'मुघल गार्डन्स' (१९९६) चांगला आहे, पण आपल्या जवळचा ग्रंथ म्हणजे दाऊद अली आणि एमा फ्लॅट यांनी दख्खनच्या बागांवर संपादित केलेला लेखसंग्रह (२०१२). अली अकबर हुसेन यांचं 'सेंट इन द इस्लामिक गार्डन' (२०००) तर जरूर वाचा. दख्खनी काव्यातून बागांतली झाडं आणि सुगंध हुडकून काढायचे, ही त्यांची पद्धत मला विलक्षण वाटते.

नवं पुस्तक घेताना मी आधी त्यात पाण्याबद्दल काय आहे ते बघतो. पाणी कुठून आलं, कसं चढवलं, जमीन आधी कोणाची होती, राबलं कोण, यावर पुस्तक गप्प असेल तर फोटो कितीही सुंदर असोत, पैसे घालवू नका. मलबार हिलच्या हँगिंग गार्डनखाली जलाशय आहे. तो वगळून त्या बागेबद्दल काय लिहिणार?

ही पुस्तकं महाग आहेत, म्हणून खरेदी शेवटी. आधी फोर्टात टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि हॉर्नबिल हाउसमधलं बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) ग्रंथालय, इथे चौकशी करा. कुकसारखे जुने ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यासाठी तर घराबाहेरही पडायला नको, आजच उघडा.