कड्या मोजू नका, पुढच्या चाकाशी टेप लावा

ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) जोडला की गाडीचं नाक वर जातं, स्टिअरिंग हलकं लागतं, तर वेट डिस्ट्रिब्युशन हिचची (ट्रेलरचा भार सगळ्या चाकांवर वाटणाऱ्या जोडणीची) साखळी कितव्या कडीत अडकवायची, असं तुम्ही विचारलंय. माझ्या कडीचा आकडा तुमच्या काही कामाचा नाही. तुमचा आकडा टेप सांगेल.

आधी नाक वर का जातं ते बघा. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर बसतो त्यावर, येतो. समजा तो ३०० किलो आहे, बॉल मागच्या आसापासून दीड मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आसांत ३.६ मीटर अंतर आहे. तरफेच्या हिशेबाने पुढच्या आसावरचे १२५ किलो कमी होतात आणि मागच्यावर ३०० नाही, ४२५ किलो वाढतात. स्प्रिंग बार, म्हणजे साखळीने ट्रेलरच्या चौकटीला ताणून बांधलेले हिचचे दोन दांडे, या पळालेल्या भारातला काही पुढच्या चाकांवर परत आणतात, थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. बस, एवढंच त्यांचं काम.

मोजणी प्रवासाचं सामान भरून, टायरांत नेमकी हवा ठेवून, सपाट जागेवर करा. पाण्याची टाकीसुद्धा प्रवासात असेल तशीच हवी. १०० लिटर म्हणजे १०० किलो, आणि टाकी पुढे आहे की मागे यावर बॉलवरचा भार बदलतो. आता पुढच्या चाकाच्या मध्यावर, जमिनीपासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेप धरा. ट्रेलर न जोडता समजा ९० सेंमी आलं, जोडून पण बार न लावता ९३. म्हणजे नाक ३ सेंमी उचललं. काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये यातलं निम्मं परत आणा म्हणतात (म्हणजे ९१.५), काहींत जवळजवळ सगळं. तुमचं मॅन्युअल म्हणेल तेच खरं. मात्र ९०च्या खाली अजिबात नाही.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्या खेपेला मागे उभा राहून, गाडी छान सरळ दिसेपर्यंत साखळी आवळत गेलो. पुढे ओल्या वळणावर मागची चाकं सरकली आणि पोटात गोळा आला. घरी येऊन मोजलं तर नाक मूळ उंचीपेक्षा १ सेंमी खाली! मागच्या चाकांवरचा भारच मी काढून घेतला होता.

नाक अजून वर असेल तर एक कडी आवळा, पुन्हा मोजा. बार आणि ट्रेलरवरचा साखळीचा आकडा यांच्यामधे किमान किती कड्या हव्यात ते हिचच्या पुस्तिकेत असतं. तेवढ्या उरत नसतील तर साखळी ओढत बसू नका, हिचचं डोकं (बॉल बसवलेला भाग) मागे कलवा. बऱ्याच हिचमध्ये त्यासाठी वॉशर वाढवतात. एका वॉशरनेही बराच फरक पडतो. नट टॉर्क पान्यानेच आवळा. ट्रेलर सरळ किंवा जरासा पुढे झुकलेला राहिला पाहिजे. पुढून वर असेल तर बॉल खाली घ्या.

बार चढवताना कपलर (ट्रेलरची बॉलवर बसणारी खोबण) लॉक करून, जॅकने ट्रेलरचं तोंड आणि गाडीचा मागचा भाग दोन्ही उचला. मग बार जवळजवळ हातानेच चढतो. बार चढवायच्या पाइपवर अंगाचा भार टाकावा लागत असेल तर जॅक कमी उचललाय. पाइप सुटला तर दात जातील, बाजूला उभे राहा. काढतानाही आधी जॅकच.

या हिचने गाडीची वजन पेलायची मर्यादा वाढत नाही. उलट हिचचं स्वतःचं वजन त्यात धरावं लागतं. रिसीव्हरवरच्या (गाडीमागच्या, हिच बसते त्या चौकोनी नळीवरच्या) स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात, बारशिवाय आणि बारसह, तेही वाचा. जमलं तर वजनकाट्यावर तीन वजनं घ्या: नुसती गाडी, बारशिवाय ट्रेलर, बारसह ट्रेलर.

कडी ठरली की तिच्यावर रंगाचा ठिपका लावून ठेवा. पावसात, अंधारात ट्रेलर जोडताना कड्या मोजत बसावं लागत नाही.