शॅडो डे: मुलाला दारात सोडा आणि निघा

अमेरिकेतल्या बऱ्याच इंडिपेंडंट, म्हणजे खासगी, शाळा प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या मोठ्या मुलांना, साधारण मिडल स्कूलपासून (सहावीच्या आसपास) पुढे, एक दिवस शाळेत बोलावतात. हा शॅडो डे. शाळेतलाच एखादा विद्यार्थी होस्ट असतो, त्याच्याबरोबर मूल वर्गात बसतं, जेवतं, मैदानावर जातं. आईबाबांचं काम सकाळी दारापाशीच संपतं.

अर्जाची मुदत अनेक शाळांत जानेवारीत असते, त्यामुळे डिसेंबरमधल्या जागा लवकर भरतात. ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीची तारीख मागा. थँक्सगिव्हिंगचा आठवडा आणि नाताळच्या सुट्टीआधीचे दिवस टाळा, कारण तेव्हा परीक्षा, पार्ट्या नाहीतर नाटकाच्या तालमी चालू असतात. तारीख पक्की करण्याआधी ॲडमिशन ऑफिसला विचारा, 'त्या दिवशी नेहमीचं पूर्ण वेळापत्रक आहे ना?' सध्याच्या शाळेलाही आधी कळवा. गैरहजेरी माफ करून घ्यायला काही ठिकाणी भेटीचं पत्र लागतं.

यानंतर येणारा फॉर्म आपण घाईत भरतो आणि तिथेच दिवस बिघडतो. होस्ट बऱ्याचदा आवडीनिवडी बघून ठरवतात. 'वाचन, संगीत, खेळ' एवढ्यावरून कोणाला काय कळणार? 'तबला, बुद्धिबळ, रोबोटिक्समध्ये कोडिंग' असं लिहा. नावाचा उच्चार सुटा करून लिहा. शिक्षक दिवसभर चुकीच्या नावाने हाक मारत राहिले तर अनोळखी जागी मूल त्यांना दुरुस्त करत नाही, गप्प बसतं. तिकडे व्हेजिटेरियन जेवणात अंडं चालतं असं धरतात, म्हणून अंडं, मासे आणि जिलेटिन (प्राण्यांपासून बनतं) यांपैकी काय चालत नाही ते स्पष्ट लिहा. डबा देणार असाल तर शाळेत शेंगदाण्याला बंदी आहे का ते आधी विचारा. साबुदाण्याच्या खिचडीतलं कूट आपल्या लक्षातही येत नाही. इनहेलर किंवा एपिपेन (तीव्र ॲलर्जीवरचं इंजेक्शन) असेल तर त्याचा वेगळा फॉर्म आणि नर्सकडे द्यायची पद्धत आधीच समजून घ्या.

ड्रेस कोड विचारून घ्या. युनिफॉर्म नसलेल्या शाळेतही जीन्स किंवा हूडी चालत नसेल. दप्तरात वही, दोन पेन्सिली, पाण्याची बाटली पुरे. फोन बंद करून आत ठेवायचा.

वर्गात आपल्या मुलांची खरी अडचण वेगळीच असते. काही शाळांत मुलं लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चा करतात. याला हार्कनेस पद्धत म्हणतात आणि ती एडवर्ड हार्कनेस यांच्या 1930च्या देणगीतून फिलिप्स एक्सेटर अकॅडमी या अमेरिकेतल्या शाळेत सुरू झाली. तिथे शिक्षक कमी बोलतात, मुलांनीच बोलायचं असतं. 'विचारल्याशिवाय बोलू नये' या वळणात वाढलेलं मूल पाऊण तास नम्रपणे ऐकतं आणि समोरच्याला वाटतं की याला रस नाही. घरी पाठ करून घेतलेली वाक्यं इथे उपयोगी पडत नाहीत, लगेच ओळखू येतात. त्यापेक्षा एवढंच सांगा: प्रत्येक तासाला एक प्रश्न किंवा एक वाक्य. 'तू म्हणालीस ते मला नीट कळलं नाही, परत सांगशील?' हेही चालतं. दिवसाअखेरीस होस्ट किंवा शिक्षकांकडून शाळा अभिप्राय मागवू शकते आणि त्यात हुशारीपेक्षा मूल इतरांशी कसं वागलं हेच बहुधा येतं.

मुलाने काय पाहायचं? कोणी चुकीचं उत्तर दिलं की बाकीचे हसतात का. दोन तासांमधल्या पाच मिनिटांत मुलं काय करतात. जेवताना एकटं कोण बसतं आणि कोणाचं त्याच्याकडे लक्ष जातं का. प्रयोगशाळा नवी आहे की जुनी हे वेबसाइटवरही दिसतं.

त्याच दिवशी पालकांची मुलाखत असेल तर फीबरोबर बस, पुस्तकं, लॅपटॉप आणि सहलींचा खर्च किती येतो ते विचारा. फायनान्शियल एडचा, म्हणजे फीसाठीच्या आर्थिक मदतीचा, अर्ज वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी असू शकते. गणितात वरच्या वर्गात बसवण्याचा आग्रह मुलाखतीत धरू नका. प्लेसमेंट टेस्ट (मूल कोणत्या पातळीच्या वर्गात बसेल ते ठरवणारी परीक्षा) कधी होते एवढंच विचारा, ते पुरे.

संध्याकाळी गाडीत बसल्याबसल्या 'कशी वाटली शाळा?' विचारलंत की उत्तर ठरलेलं: 'ठीक.' आधी खाऊ-पिऊ द्या. मग विचारा, 'कोणत्या तासाला कंटाळा आला?' शाळेबद्दलचं तुमचं मत मुलाने आपलं मत सांगेपर्यंत बोलू नका, नाहीतर तेच परत ऐकायला मिळेल. होस्टशी जमलं नाही म्हणून शाळा लगेच यादीतून काढू नका. दुसरी भेट मागता येते.

दुसऱ्या दिवसापर्यंत मुलाने स्वतः आभाराचा ईमेल पाठवावा: तीन वाक्यं, होस्टचं नाव आणि आवडलेली एखादी नेमकी गोष्ट. तुम्ही फक्त पाठवण्याआधी नावाचं स्पेलिंग तपासा.